नाळ पडेपातूर

बाविसावा दिस उजाडला तरी माज्या लेकीची नाळ पडली न्हवती. वाळली हुती, काळी पडली हुती, सुंठीच्या तुकड्यावानी टणक झाली हुती, पन बेंबीला अशी धरून बसलेली की सुटायचं नावच घेईना. मी घटकंघटकंला झबलं वर करून बघायची. आई म्हनायची, बघून बघून तूच तिला दिष्ट लावशील. पन मला ऱ्हावायचंच न्हाई.

मी काय लय शिकलेली न्हाई. नववी झाली आन धाव्वीत दिवाळीपातूर गेले, मग लगीन ठरलं. लगीन आत्याच्या पोराशी झालं. आमच्याकडं ही रीतच हाय, भाची आत्याच्या घरात सून म्हनून जाती, म्हंजे बाहेरची कुनी येत न्हाई आन आपली कुनी लांब जात न्हाई. तवा माजी सासू म्हंजे माज्या बापाची सख्खी भन. मी तिला सासूबाई कवाच म्हनलं न्हाई, आत्याच म्हनते. तिचं गाव सांगलीच्या जवळ. नवरा फौजेत, लांब थंड मुलखात. पयलं बाळंतपन माहेरी करायचं म्हनून मी रहिमतपूरच्या बाजूला आईकडं आले आन कोरेगावच्या दवाखान्यात पोरगी झाली.

दवाखान्यातनं सोडताना शिष्टरबाईनं बजावलं हुतं, नाळंला काय बी लावायचं न्हाई, कोरडी उघडी ठेवायची, आपसूक पडंल. आईची रीत येगळी. गवरीची राख वस्त्रगाळ करायची, खोबरेल तेलात कालवायची आन बेंबीवर थापायची. मी तिला हात लावू दिला न्हाई. आई रुसली, म्हनली तू असल्याच राखंवर जगलीस. मी म्हनलं, नशिबानं जगले. दोन दिस ती माज्याशी नीट बोलली न्हाई, पन राखंची वाटी उचलून ठेवली.

हितपातूर मी बरोबर हुते. पुढं चुकले.

नवऱ्याचा फोन आला. मी त्यांना मोबाइलवर नाळ दावली. ते म्हनले, ऐसं खुल्लं सोडत्यात व्हय, जखम हाय ती, स्पिरिटनं सफाई करायची, पावडर टाकायची, वर पट्टी, दिवसातनं चार टाइम ड्रेसिंग. त्यांच्या तिकडं जखमा तशाच बऱ्या करत्यात. मला ते लय पटलं. शिष्टरबाई दोन मिनिटं बोलली हुती, आन ह्यो तर पोरीचा बाप. मेडिकलमधनं स्पिरिटची बाटली आनली, पावडर आनली, कापूस, जाळीचं कापड, सगळं. चार टाइम म्हनले हुते, मी आठ येळा करायला लागले. मग लंगोट बदलला की दर येळंला. म्हंजे बारा येळा तरी. पुसायचं, पावडर, कापड, वरनं पोटपट्टा. कुनी बघायला आलं की आदी मोरीवर पिटाळायची, हात धुवा मग लेकराला बघा. गल्लीतल्या बाया म्हनायच्या, हिनं घरात दवाखाना काडलाय. मला त्याचा अभिमानच वाटायचा.

बाराव्या दिशी बारसं धरलं हुतं. आमच्या घरात नाळ पडल्याबिगर लेकराला पाळण्यात घालत न्हाईत आन नाव ठेवत न्हाईत. का, ते कुनाला नीट ठावं न्हाई. आईला इचारलं तर म्हनली, जुन्याला चिकटलंय तवर नव्याचं नाव कसं घ्यायचं. आज पडंल, उंद्या पडंल म्हनून आईनं घुगऱ्यांचे हरभरे आदल्या सांजच्यालाच भिजत टाकले. नाळ काय पडली न्हाई. बोलावलेल्या बायांना परत निरोप धाडला आन पाच शेर हरभरे आमी तीन दिस खात बसलो, कवा उसळ, कवा भाजून, कवा वाटून. बाप म्हनला, लेकीचं नाव हरभरीच ठेवा. सगळी हसली. मी बी हसले. पन लगीच झबलं वर करून परत नाळ बघितली.

अठरा झालं, इस झालं. बाविसाव्या दिशी आई म्हशीला वैरन घालायला गेली तवा मी मोबाइलला इचारलं. टाइप नीट येत न्हाई म्हनून बोलूनच इचारलं, बाळाची नाळ तीन आठवडे पडली न्हाई तर काय. लय कायकाय आलं. बहुतेक ठिकानी लिवलं हुतं की घाबरू नका. पन एका ओळीत लिवलं हुतं की क्वचित रोगप्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असू शकतो. तो शबुद मला शाळंतनं ठावा हुता. इज्ञानाच्या पुस्तकात हुता आन मी तो पाठ केलेला. त्या बाकीच्या घाबरू नका म्हननाऱ्या ओळी मला परत दिसल्याच न्हाईत, ती एकच ओळ दिसायला लागली. पोरगी शेजारी हात वर करून झोपलेली, आन तिला नाव सुदीक न्हाई.

मी आत्याला फोन लावला आन एका दमात सगळं सांगितलं. ती मग येवढंच म्हनली, उंद्याची गाडी धर, मी सांगलीला ठेसनावर उभी ऱ्हाते. सव्वा म्हैना झाला न्हवता, ओली बाळंतीन उंबऱ्याबाहेर पडत न्हाई. मला वाटलं आई नको म्हनंल. पन तिनं माज्या कानाला रुमाल बांधला, पोरीच्या उशाचा अडकित्ता लोखंड जवळ असावं म्हनून पिशवीत टाकला आन सोता बी संगं निघाली.

गाडीत नीट बसवंना. दर ठेसनाला मानसं उतरत्यात, चढत्यात, आन मी आपली झबल्यावर हात ठेवून. गाडीत सुदीक मी दोन येळा स्पिरिटचा बोळा काडला. समोरची एक बाई नाक धरून म्हनली, दवाखान्यातनं आलाय का दवाखान्यात चाललाय. आई म्हनली, दोन्ही.

सांगलीला आत्या उभीच हुती. तिनं पोरीला पयल्यांदाच बघितलं, पन मुका बी घेतला न्हाई, रिक्षा थांबवली आन लेकरांच्या डॉक्टरीनबाईकडं घेऊन गेली.

डॉक्टरीनबाई वयस्कर हुत्या. चष्मा गळ्यात दोरीला. त्यांनी पोटपट्टा सोडला, कापड काडलं, पावडर पुसली आन वाकून नाळंचा वास घेतला. मग इचारलं, इथं कधी ओल आली होती का, पिवळं पाणी, पू.

मी मान ताठ करून सांगितलं, एक टिपूस न्हाई, डॉक्टर. बारा-बारा येळा पुसते मी.

मला वाटलं आता शाबासकी मिळंल. त्यांचं त्वांड उतरलं. त्यांनी परत इचारलं, कधीच नाही? एकदा पण नाही? मी म्हनलं, न्हाई. त्यांनी लिवून घेतलं. मग इचारलं लग्न नात्यात झालंय का. मी म्हनलं व्हय, आत्याच्या पोराशी, ह्या काय आत्या. त्यांनी ते बी लिवलं. मग त्या म्हनल्या, घरात याआधी कुणाचं तान्हं बाळ गेलंय का.

मी न्हाई म्हनायला त्वांड उघडलं, आन माज्या मागनं आत्या म्हनली, "व्हय."

मी वळून बघितलं. आत्यानं भिंतीकडं बघत सांगितलं, माजं पयलं, हिच्या नवऱ्याच्या आदीचं, पोरगाच हुता, दोन म्हैन्यांचा. ताप आला आन तिसऱ्या दिशी गेला. मला हे कुनी कवाच सांगितलं न्हवतं. आईनं मान खाली घातली, म्हंजे आईला ठावं हुतं.

डॉक्टरीनबाईंनी लय सावकाश इचारलं, त्याची नाळ कधी पडली होती, आठवतंय?

आत्या म्हनली, "तीस वर्सं झाली बाई. त्याचं डोळं आठवत्यात. नाळंचं कायबी आठवत न्हाई."

ती आठवनच मोलाची हुती, हे मला तवा कळलं न्हाई. मला येवढंच कळलं की कायतरी चुकतंय, आन मी इचारलं, डॉक्टर, पू न्हाई म्हंजे चांगलंच न्हवं का?

मग त्यांनी मला सांगितलं. बाहेर आनिक लेकरं रडत हुती तरी त्यांनी मला नीट बसवून सांगितलं, आन मी ते आजपातूर इसरले न्हाई.

त्या म्हनल्या, नाळ बांधली की तिच्यातलं रक्त थांबतं आन तिथल्या बारक्या बारक्या पेशी मरायला लागत्यात. मरनं काय वाईट न्हाई. तुमच्या माज्या अंगात बी पेशी रोज, आत्ता बसल्या बसल्या मरत असत्यात, जुन्या झालेल्या, थकलेल्या, आपल्याला पत्ता न्हाई. मरनारी पेशी गपचीप मरत न्हाई. ती आदी सांगावा धाडती. रक्तात न्हाईतर आसपास ज्या खानाऱ्या पेशी फिरत असत्यात त्यांना तो पोचतो, आन त्या वास काडल्यावानी तिच्याकडं निगत्यात. मग जिवंत पेशींच्या गर्दीत मरनारी नेमकी कुठली हे त्यांना कसं कळायचं? हितं त्या थांबल्या, आन माज्या पोरीच्या झबल्याला हात लावला. आमी तान्ह्या लेकराला झबलं उलटं घालतो, शिवन बाहेर, म्हंजे टाके टोचत न्हाईत. त्या म्हनल्या, हे असं. जिवंत पेशीचं अस्तर आत असतं. मरायच्या येळंला ती अस्तराचा एक भाग बाहेर करून दावती. उलटं झबलं दिसलं की खानारीनं वळखायचं, हिला उचलायची. मग ती तिला गिळून टाकती, आतल्या आत जिरवती, ना आवाज ना सूज. आन उचलायला कुनी आलंच न्हाई तर ती पेशी फुटती, आतलं सगळं बाहेर सांडतं आन शेजारचं चांगलं बी नासायला लागतं.

मला एकदम आमचं गाव दिसलं. लग्नाला आवतान द्यावं लागतं, मयताला कुनी बोलवत न्हाई, नुस्ता सांगावा गेला की मानसं हातातलं टाकून येत्यात. मी तसं म्हनलं बी. त्या म्हनल्या, अगदी तसंच.

नाळंच्या बुडाशी, मेलेलं आन जितं जिथं मिळतं तिथं, ह्या पांढऱ्या पेशी लय मोठ्या संख्येनं जमत्यात. त्या तो सांधा कुरतडून सोडवत्यात. नाळ नुस्ती वाळून पडत न्हाई, ह्या तिला सोडवत्यात म्हनून पडती. आन ते बुडाशी थोडं पिवळं चिकट येतं, ते ह्यांचंच. काम करून त्यातच मेलेल्या.

म्हंजे जे एक टिपूस मी येऊ दिलं न्हवतं ते.

मग त्या म्हनल्या, दोनच गोष्टी असू शकतात. एक, तुम्ही बारा वेळा स्पिरिट लावून तिथलं सगळं इतकं मारून टाकलंत की पांढऱ्या पेशींना बोलावणंच गेलं नाही. तसं असेल तर काळजीचं काही नाही. दुसरी फार क्वचित असते, पण नात्यातल्या लग्नात बघावी लागते. तुम्ही गाडीनं आलात ना? समजा गाडी स्टेशनात आली, खचाखच भरलेली, आणि दारच उघडेना. पेशी रक्तात भरपूर असतात, पण त्यांना उतरता येत नाही.

दोन म्हैन्यांत ताप येऊन जातं ते लेकरू तसलं असू शकतं, हे त्या बोलल्या न्हाईत. पन आत्यानं पदर तोंडाला लावला.

आन मी, मला सांगायला लाज वाटती, मी भ्याले हुते, पन त्या भीतीच्या वर आनिक कायतरी फुटलं हुतं, उकळी फुटती तसं. मी इचारतच सुटले. सांगावा कुठल्या वाटंनं जातो, खानारी पेशी पोट भरल्यावर काय करती, चांगल्या पेशीला चुकून गिळत न्हाई का. डॉक्टरीनबाई म्हनल्या, चांगल्या पेशीच्या अंगावर मला खाऊ नको असा बी शिक्का असतो. मग त्यांनी इचारलं, किती शिकलाय. आत्या पदरातनंच म्हनली, "आमी लगीन केलं म्हनून. न्हाईतर आज तुमच्या खुर्चीत हीच बसली असती, आन तुमी भाईर नंबर लावून."

डॉक्टरीनबाई हसल्या. आमी तिघी बी हसलो. पन हसता हसता मी पोरीचं उलटं झबलं तिथंच टेबलावर काडलं आन सुलटं करून घातलं. काय करावं, ते आयकल्यावर मला तिच्या अंगावर उलटं कापड बघवंना.

रक्त काडलं. पोरगी रडली, मी बी रडले. शेजारच्याच खोलीत तपासनी हुती. तिथल्या ताईनं रक्ताचा थेंब काचंवर पसरला, जांभळ्या रंगात बुडवला, वाळवला आन यंत्राखाली ठेवला. मी दाराशीच घुटमळत हुते. ती म्हनली, बघायचंय व्हय? मी डोळा लावला. आदी माज्याच पापनीचं केस दिसलं. मग ती म्हनली डोळा थोडा मागं घ्या, आन दिसलं. गुलाबी गुलाबी चकत्या, भाकरीच्या थप्पीवानी एकावर एक. आन त्यांच्यात एक येगळी, मोठी, पोटात जांभळे तीन दाने एकाला एक चिकटलेले. ताई म्हनली, हीच ती पांढरी, नाळंच्या बुडाशी जाती ती. मी म्हनलं, माज्या पोरीची? ती म्हनली, मग कुनाची.

मी तिला बघतच ऱ्हायले. माज्या पोटात नऊ म्हैने हुती ती बी, आन मला पत्ता न्हाई. मी मनात म्हनलं, जा की गं मग. कुनाची वाट बघतीस.

रिपोर्ट मिळायला तासभर हुता. तेवड्यात नवऱ्याचा फोन आला. मी त्यांना सांगितलं की पांढऱ्या पेशी जादा निगाल्या तर वाईट. ते म्हनले, जवान जादा असलं तर अच्छंच की. मी म्हनलं, बराकीतनं भाईर पडता येत न्हाई म्हनून जादा दिसत्यात. ते मग म्हनले, "मी चार टाइम सांगितलं हुतं गं. तू बारा येळा केलंस."

मी म्हनलं, "तुमी लांब हाय. मला हात रिकामं ठेवून बसता येईना."

मग फोन चालूच ठेवला तसा.

रिपोर्ट आला. डॉक्टरीनबाईंनी चष्मा लावला, वाचला आन म्हनल्या, जास्त नाहीत, वयाच्या मानानं ठीक आहेत. आईनं हात जोडलं. पन त्या म्हनल्या, एवढ्यावर मी ठामपणे सांगणार नाही. आता पाच दिवस काही लावायचं नाही. स्पिरिट नाही, पावडर नाही, राख नाही, हळद नाही, पट्टी नाही. उघडं ठेवायचं. लंगोट नाळेच्या खाली बांधायचा. ओढायची तर अजिबात नाही. बुडाशी थोडी ओल आली तर येऊ दे. पण पोटावर लाली पसरली, अंग तापलं किंवा बाळ दूध घेईना झालं, तर तसंच उठून इकडे यायचं. पाच दिवसांत पडली नाही तर रक्त पुण्याला पाठवू.

आईला म्हशीच्या धारा हुत्या, ती दुसऱ्या दिशी परत गेली. मी आत्याकडं ऱ्हायले. आत्यानं पयलं काम काय केलं तर स्पिरिटची बाटली कपाटात घातली, कुलूप लावलं आन किल्ली कमरंला खोचली. म्हनली, तुज्या हाताचा मला भरोसा न्हाई.

बारा येळा करायची सवय लागलेल्या हातांना एक येळा बी काय करायचं न्हाई, ह्यापरीस दुसरी शिक्षा न्हाई. लंगोट बदलला की हात आपसूक बाटलीकडं जायचा. मग आत्यानं माज्या म्होरं भुईमुगाच्या शेंगांचं पोतं वतलं. फोड म्हनली. मी फोडायची, फोडायची, मधी उठून बघायची, परत फोडायची. बोटांची सालं निगाली. आत्या समोर बसून फोडायची. त्या गेलेल्या लेकराबद्दल तिनं एक अक्षर काडलं न्हाई, मी बी इचारलं न्हाई. पन मी पोरीला बघायला उठले की तिची बी बोटं थांबायची, आन मी परत बसल्यावरच पुढची शेंग फुटायची.

झबलं मी सुलटंच घालत हुते. आत्या म्हनली, टाके टोचत्यात तिला. मी म्हनलं, टोचू दे.

पयला दिस काय न्हाई. दुसरा दिस काय न्हाई. तिसऱ्या दिशी दुपारी मी झबलं वर केलं आन बेंबीच्या बुडाशी, नाळंच्या एका कडंला, पिवळं दिसलं. मोहरीयेवडं. बोट जवळ नेऊन वास घेतला तर जरासा आंबूस.

मी अशी वरडले की आत्याच्या हातातलं सूप पडलं, दाने सगळ्या सोप्यात. ती धावत आली, बघितलं आन पांढरीफटक पडली. म्हनली, पू झाला गं बाय. मी म्हनलं, व्हय. झाला, आत्या, झाला. आन मी तिला मिठीच मारली. तिला वाटलं असंल माजं डोकं फिरलं. माज्यावानी आई कुनी बघितली नसंल, लेकराला पू झाला म्हनून उड्या मारनारी. मग मी सोताला आवरलं आन सांगितलेलं एकेक बघितलं. पोटावर लाली न्हाई. अंग गार. छातीला लावली तर चुरूचुरू प्यायला लागली. फोटो काडून डॉक्टरीनबाईंना धाडला आन फोन लावला. त्या गर्दीत हुत्या. एकच वाक्य बोलल्या.

"आल्या की हो."

नवऱ्याला फोन केला तवा मी हॅलो सुदीक म्हनलं न्हाई, आदी म्हनलं पू आला. तिकडं फोन मोठ्यानं लावलेला असावा, कारन मागनं दोन-तीन मानसं खदाखदा हसली. ते म्हनले, ओ बाई, सगळी पलटन ऐकायलीय.

चौथ्या दिशी एक बाजू सुटली. नाळ दारावानी उगडी मिटी व्हायला लागली. हात लावायचा न्हाई म्हनून मी हात पाठीमागं धरून बघायची.

पाचव्या दिशी सकाळी सांगलीला जायचं हुतं. मी केस इंचरत हुते, आत्या पोरीचं आंग पुसून झबलं बदलत हुती. ती एकदम गप झाली. मी वळून बघितलं तर ती मांडी घालून बसलेली, पोरगी मांडीवर, आन एक हात उघडा. हातात ती नाळ. सुंठीचा तुकडा. पोरीच्या बेंबीत बारकासा ओला खड्डा, लाल गुलाबी, जिता.

मी जवळ गेले. आत्या माज्याकडं न बघता हातातल्या नाळंकडंच बघत हुती. तळवा वरखाली करत हुती, जनू वजन बघतीय. मला वाटलं रडंल. तिनं नाळ बोटानं पालथी केली आन म्हनली, "त्याची पडली हुती."

मी खाली बसले.

"अशीच हातात आली हुती माज्या. सटवीची पूजा झाल्यावर तीन का चार दिसांनी. म्हंजे आठव्या, नवव्या दिशी. आसंच झबलं काडताना. मी फडक्यात बांधून मागल्या दारी, लिंबाच्या बुडी पुरली. ह्याच हातानं." ती थांबली. "तीस वर्सं आठवलं न्हाई बघ. हातात आल्यावर आठवलं."

मी तिला इचारलं, नक्की? ती म्हनली, हाताला इचार.

डॉक्टरीनबाईंना आमी सगळं सांगितलं. आत्यानंच सांगितलं, खुर्चीवर नीट बसून. त्यांनी बेंबी बघितली, बोटानं अलगद उघडली आन म्हनल्या, छान. पुण्याला काही पाठवायला नको, महिन्यानं एकदा रक्त बघू, पण मला आता काळजी वाटत नाही. आत्यानं इचारलं, मग माजं लेकरू कशानं गेलं. त्या म्हनल्या, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, पण नाळ वेळेवर पडली होती, म्हणजे ह्या आजारानं नाही. घरात हा आजार होता आणि नात्यातलं लग्न लावून तुम्हीच तो नातीला दिलात, असं मनात धरू नका. आत्यानं मान हालवली. तिनं ते मनात धरलं हुतं हे मला तवाच कळलं. पाच दिस शेंगा फोडता फोडता ती तेच धरून बसली हुती.

घरी आल्यावर आमी दोघी मागल्या दारी गेलो. लिंबाचं झाड आता लय मोठं झालंय. आत्यानं ठिकान बघून दावलं, हितं. मी माज्या पोरीची नाळ तिथंच शेजारी पुरली. पुरायच्या आदी फडकं सोडून एकदा बघितली. आत्या म्हनली, आता काय बघतीस त्यात, मेलेलं हाय ते. मी म्हनलं, व्हय, म्हनूनच बघते. सुटली त्या बाजूची कड पोरीच्या बेंबीसंगं जुळंल अशी हुती, कुनीतरी नखानं नीट सोडवल्यावानी.

बारसं सव्वा म्हैना झाल्यावर केलं. आई आली, बाप आला. आईनं ह्या येळंला हरभरे कमीच भिजवलं आन ते बी सकाळी सहाला, नाळ पडल्याचं सोताच्या डोळ्यानं बघितल्यावर.

नाव ठेवलं. आन पाळण्यात घालायच्या आदी मी तिचं झबलं काडलं. पाच दिस सुलटं आन पुढं सवयीनं बी सुलटंच घातलेलं, तिच्या खांद्यांवर टाक्यांच्या बारक्या लाल रेघा उठलेल्या. मी झबलं उलटं केलं, शिवन बाहेर, आन तसं घातलं. आत्यानं बघितलं आन पाळण्याची दोरी माज्या हातात दिली.